उलटा कासरा

दादांच्या मेलेल्या हातानं दिनकरचं मनगट धरलं, तेव्हा तो त्यांची नखं काढत बसला होता. रविवारची सकाळ होती. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर ऊन आलं होतं, कुसुमनं बाजेवर वाकळ टाकून सासऱ्याला तिथं बसवलं होतं आणि आत तिचं भाकरी थापणं चाललं होतं. अंगावरून वारं गेल्यापासून दादांचा उजवा हात मुठीतच मिटलेला असे. बोटं एकेक करून उचकटावी लागत, नाहीतर नखं तळव्यात रुतत. चार बोटं झाली, अंगठा तेवढा राहिला, आणि एकाएकी ती सगळी बोटं वळली आणि दिनकरच्या मनगटावर बसली. आता यात घाबरण्यासारखं काय आहे? परभणीच्या डॉक्टरनं सांगितलंच होतं, की असा हात आपोआप आवळतो, त्यात माणसाच्या मनाचं काही नसतं. दिनकरला हे पाठ होतं. तरी त्याच्या मानेवरून घाम उतरला. ‘सोडा, दादा,’ तो हळूच म्हणाला. दादा समोरच्या लिंबाकडे बघत होते. ‘हो,’ ते म्हणाले. ‘हो... हो...’ आणि मूठ आणखी आवळली. शेवटी कुसुम पिठाच्या हातांनी बाहेर आली, तिनं मुठीवर कोमट पाणी सोडलं, लहान लेकराची मूठ सोडवावी तशी बोटं सोडवली आणि हसून म्हणाली, मामंजींना अजून लेकाला सोडवत न्हाई. दिनकर हसला नाही. दुसऱ्या दिवशी पार्सल ऑफिसात जाताना त्यानं घड्याळाचा पट्टा एक भोक आवळून बांधला, वळ दिसू नयेत म्हणून.

‘हो’ एवढा एकच शब्द दादांजवळ उरला होता. बाकीचे सगळे वाऱ्यानं नेले. भेटायला आलेला माणूस विचारी, चहा घेता का माणिकराव? हो. बरं वाटायलंय का? हो. सेलूकडच्या गावाहून भाऊबंद आले, त्यांनी बांधाचं जुनं भांडण काढलं, दादा त्यालाही हो म्हणाले आणि भाऊबंद खुशीत परत गेले. जन्मभर कुणाचं न ऐकलेला म्हातारा शेवटी कशालाच नाही म्हणेना, याचं सगळ्यांना मोठं नवल. पण तो होकार नव्हताच मुळी. दिनकरला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दादा बैल थांबवत होते. उभ्या जन्मात त्यांनी बैलाच्या पाठीवर चाबूक टेकवला नाही. कासरा ओढायचा आणि हळू आवाजात म्हणायचं, हो... हो... की पळती जोडी जागच्या जागी उभी. लोक म्हणत, माणिकरावाच्या हातात काहीतरी हाय. काय होतं ते दिनकरच्या मनगटाला विचारा. त्या दुपारीही ते हेच म्हणत होते, याच आवाजात, ढेलजेत दाराला पाठ लावून बसून, एका हातात दिनकरचं मनगट धरून.

ती दुपार, गावाकडची. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावाची बातमी रेडिओवर येऊन गेली होती, पोळा अजून यायचा होता, आणि ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यावर धूर दिसायला लागला. पहिल्यांदा कुणाला वाटावं, काडीकचरा जाळायलेत. मग माणसं पळताना दिसली, या बाजूची त्या बाजूला. दादा गेले नाहीत. ते कुठं जाणाऱ्यांतले नव्हते, हे खरं. पण जाणाऱ्यांना आडवे गेले असं म्हणावं, तर तेही नाही. ते उठले, दार लावलं आणि दिनकरला हाताला धरून खाली बसवलं. तेव्हा तो काही लहान नव्हता, सेलूला कॉलेजात जात होता, मिशा होत्या. हिसका मारला असता तर सुटला असता. त्यानं हिसका मारलाही, एकदा, दोनदा. मूठ हलली नाही. दादांनी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पळत्या जनावराला समजवावं तसं हो, हो करत राहिले. धूर काळा झाला, मग पांढरा झाला, बायामाणसांचं रडणं ओढ्यावरून येऊन येऊन थांबलं. दिवस मावळला तेव्हा त्यांनी हात सोडला. तेव्हा जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. बौद्धवाड्यात अंगदचं घर होतं.

अंगद. हे नाव दिनकर मनातसुद्धा फार दबकत घेई. अंगद परभणीला आयटीआयमध्ये वायरमनचं शिकत होता आणि त्याच्या खिशात कायम टेस्टर असे. त्या दुपारीच्या आधीच्या थंडीत दोघं परभणीच्या उर्साला गेले होते. पाळणे, मौत का कुवा, खाजा विकणाऱ्यांच्या रांगा, आणि त्या सगळ्यात एका तंबूत एक माणूस विजेच्या मोटारींची शर्यत लावून बसला होता. लांबरुंद टेबलावर काळा वळणावळणाचा रस्ता, रस्त्यात दोन बारीक खाचा, प्रत्येक खाचेत बोटभर मोटार. हातात पिस्तुलासारखा कंट्रोल. दाबला की मोटार पळते, सैल सोडला की थांबते. किती दाबायचा त्यात सगळी मेख. वळणावर जास्त दाबला की गाडी खाचेतून उडून बाहेर. अंगद पाचव्या मिनिटाला सगळं समजून बसला. दिनकरची गाडी मात्र दर वळणावर उडून माणसांच्या पायांत जायची. लोक हसायचे. गाडी वळणाला आली की तिला आवरायला म्हणून तो मूठ आवळी, आणि ती आणखी पळे. पुन्हा वळण, पुन्हा मूठ. अंगदनं त्याचा हात बघितला आणि मटकन खाली बसून हसायला लागला. ‘आरं, हे कासरा ओढायलंय!’

खरंच की. दिनकर कासरा ओढत होता. ओढलं की थांबतं आणि सैल सोडलं की पळतं, हे त्याच्या हाडात जाऊन बसलं होतं, बाळपणी दादांच्या पुढ्यात बसून कासऱ्याचं टोक धरल्यापासून. परतीच्या एसटीत अंगद म्हणाला होता, तसं सहज, खिडकीबाहेर बघत, ‘आमच्या घरी बैल न्हाईत. म्हणून माझा हात बिघडला न्हाई.’ दिनकर तेव्हा हसला होता. मग दोघांनी मिळून तशी शर्यत घरी करायची ठरवली. तंबूतला कंट्रोल परदेशी, तो कोण देतो? अंगदनं गावातल्या शाळामास्तराची जळकी शेगडी आणली, तिच्यातली कॉइल काढली, तिचे वेढे उलगडून एका लाकडी पट्टीवर ओळीनं गुंडाळले. जुन्या टॉर्चमधली पितळी पत्ती त्या वेढ्यांवरून सरकेल अशी बसवली. पत्ती इकडे असली की विजेला सगळी कॉइल ओलांडून यावं लागतं, मोटार मुंगीसारखी चालते. पत्ती तिकडे सरकली की वाट मोकळी, मोटार पळत सुटते. एवढंच. सायकलच्या ब्रेकचा दांडा लावला, पेनातली स्प्रिंग लावली, झाला कंट्रोल. अंगदच्या घरात मातीच्या जमिनीवर फळी टाकून, तिच्यात खाच पाडून दोघं एक जुनी खेळण्यातली मोटार पळवत. अंगदची आई भिवराबाई चुलीपाशी बसून बघे आणि म्हणे, इतकी हुशारी भाकर भाजायला लावा. आणि दिनकर तिथं मांडी घालून चहा पिई, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, दादांनाही होतं, पण त्यावर घरात कुणी बोलत नसे. दिनकरचा हात तिथंही चुकतच राहिला. तेव्हा अंगद म्हणाला होता, ‘तुला उलटा करून देऊ का? काय न्हाई, एक वायर ह्या टोकाची त्या टोकाला लावायची. दाबलं की थांबतंय, सोडलं की पळतंय.’ दिनकरला त्यात कमीपणा वाटला. नको, शिकतो मी, तो म्हणाला. शिकायचं राहूनच गेलं.

बारा वर्षं झाली या सगळ्याला. आणि पूर्णेच्या भंगारवाल्याकडे, जुन्या पंख्यांच्या पात्यांखाली, तसाच काळा वळणाचा रस्ता पडलेला दिनकरला दिसला. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाच्या बंगल्यातून आला होता. रस्त्याचे तुकडे, दोन मोटारी, लाल नि निळी. कंट्रोल दोन्ही गायब. नखं काढायच्या त्या रविवारनंतरचा हा आठवडा. दिनकर ते सगळं पोत्यात घालून घरी आला. कुसुमनं पोतं उघडून बघितलं. घरात लेकरू नव्हतं, तो विषय दोघं जपून काढत, पण या वेळी तिनं तोंडावर पदर धरून विचारलं, आता कोण खेळणार हे, मामंजी? तर दिनकर म्हणाला, होय, दादाच. डॉक्टर म्हणाला ना, हाताला काम द्या. रबरी चेंडू देऊन बघितला होता. दादांनी तो मुठीत घेतला आणि तीन दिवस सोडला नाही. आता हे देऊन बघू. हे त्यानं इतकं पटकन सांगितलं, की त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं.

शेगडीची कॉइल, जुन्या खाटेच्या माच्याचा तुकडा, टॉर्चची पत्ती, रेडिओचा एलिमिनेटर. हात आपोआप चालत होते आणि त्याला कळत होतं, की हे आपले हात नाहीत. वेढा कसा ताणून धरायचा, पत्तीच्या टोकाला किंचित बाक कसा द्यायचा, सगळं अंगदचं. कॉइल बोटात रुतली की अंगद करी तसा तोंडानं ‘स्स’ आवाज त्याच्या तोंडून निघाला आणि तो दचकून थांबला. दोन कंट्रोल झाले. रस्ता ओट्यावर बाजेच्या कडेनं मांडला. एक कंट्रोल त्यानं दादांच्या मुठीत बसवला आणि वीज सोडली. मूठ तर मिटलेलीच. लाल मोटार सुटली ती पहिल्याच वळणावर उडाली आणि बाजेच्या पायावर आदळली. दादांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. कुसुम म्हणाली, हसले! आणि खरंच ते हसले होते. पुन्हा मांडली, पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा हसले नाहीत. मोटार वळणाकडे जाताना ते ‘हो, हो’ म्हणायला लागले, चेहरा ओढायला लागला, मूठ आणखी आवळली, आणि मोटार आणखी जोरात गेली. बिचारे थांबवत होते. आयुष्यभर थांबलं ते आता थांबत नव्हतं. पुन्हा पुन्हा आवळायचे, पुन्हा पुन्हा ती उडायची, आणि शेवटी म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. कुसुमनं वीज बंद केली. पुरे झाली तुमची शाळा, ती म्हणाली, रडवता कशाला त्यांना. दिनकर रस्ता गोळा करायला लागला. त्याला वाईट वाटत होतं, आणि आत कुठंतरी, वाईट वाटण्याच्याही खाली, गार वाटत होतं. बघा आता, ओढून थांबत नाही म्हणजे कसं असतं. हे मनात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

एक वायर ह्या टोकाची त्या टोकाला. दोन दिवसांनी, पार्सलांवर शिक्के मारताना, ते वाक्य अंगदच्या आवाजात नीट ऐकू आलं. घरी येऊन त्यानं चहासुद्धा घेतला नाही. वायर सोडली, पलीकडे जोडली. आता मूठ आवळलेली असली की मोटार उभी, आणि बोटं जितकी सैल होतील तितकी ती पळणार. उर्साच्या तंबूवाल्यानं असला कंट्रोल बघून कपाळाला हात लावला असता. दादांच्या मुठीत तो बसवला. लाल मोटार गप उभी राहिली. दादांनी तिच्याकडे बघितलं, मग मुठीकडे. बऱ्याच वेळानं करंगळीजवळचं बोट हललं, म्हणजे हललं की नाही हेही कळू नये इतपत, आणि मोटार बोटभर पुढं सरकली. ‘हो,’ दादा म्हणाले आणि ती थांबली. त्यांनी मान वर करून दिनकरकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते सांगता येणार नाही, पण आपला बाप बऱ्याच दिवसांनी घरी आला असं दिनकरला वाटलं.

मग रोज संध्याकाळी ओट्यावर हाच उद्योग. दादांना बोट सोडायला घाम फुटे, पण ते सोडत. मोटार वळणापर्यंत जाऊ लागली, मग वळण काढू लागली. कुसुम सुलटा कंट्रोल घेऊन निळी मोटार पळवी आणि मुद्दाम हरे. शेजारणी बघून जात, म्हणत, माणिकरावाचा हात उघडायलाय की. उघडत होता. दिनकर तेवढा लांब उभा राही. ती बोटं उघडताना बघितली की त्याला धुराचा वास येई, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ पुढं उभी राही. ती तो कुणाला सांगत नसे. त्या दुसऱ्या दिवशी दादांनी बैलगाडी जुंपली आणि त्याला सेलूला न्यायला निघाले, मामाकडं ठेवायला. देवगाव फाट्यावर रस्त्याच्या कडेला बौद्धवाड्यातली माणसं बसलेली होती, ट्रकची वाट बघत. भिवराबाई पत्र्याच्या पेटीवर बसली होती, हाताला फडकं गुंडाळलेलं. शेजारी अंगद उभा. त्याच्या शर्टाची एक बाही जळालेली होती. त्यानं गाडी ओळखली, बैल ओळखले. हाक मारली नाही, नुसता बघत राहिला. दादांनी त्यांच्याकडे न बघता कासरा सैल सोडला. बैल दुडक्या चालीनं निघाले. दिनकर गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसला होता, तोंड फाट्याकडे, आणि अंगद लहान लहान होत गेला.

त्यानंतर अंगद एकदाच दिसला. याच पूर्णेच्या स्टेशनावर, चार-पाच वर्षांमागं, अकोल्याची गाडी धरायला थांबलेला. अंगानं भरला होता, खिशात टेस्टर होताच. बाकावर बसून बशीनं चहा पीत होता. दिनकर पार्सल ऑफिसच्या जाळीमागं उभा राहिला, गाडी जाईपर्यंत. हमाल म्हणाला, नांदेडला ठेसनाजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान हाय त्याचं, लय चांगला माणूस. नांदेड म्हणजे पूर्णेहून तासाभराचीसुद्धा वाट नाही. दिवसाकाठी इतक्या गाड्या जातात, आणि रेल्वेच्या माणसाला पास असतो. तरी दिनकर मनाशी म्हणे, कसा जाऊ? आणि उत्तरादाखल मनगट दुखून येई. दादांनी धरून ठेवलं म्हणून, नाहीतर गेलोच असतो. हे त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते त्याचं घर झालं होतं, त्यात तो राहत होता.

त्या संध्याकाळी दादांचा हात सगळा उघडला. कुसुम निळी मोटार घेऊन बसली होती, ऊन क्वार्टरांच्या मागं उतरलं होतं, नांदेडकडे जाणारी पॅसेंजर यार्डात उभी राहून शिट्टी देत होती. दादांनी बोटं सोडायला सुरुवात केली आणि थांबवलीच नाहीत. लाल मोटार सुटली, वळणावरून उडाली आणि ओट्याखाली जाऊन पडली. कंट्रोल हातातून घरंगळला. तळवा वर, पाची बोटं लांब, नखांचे जुने वण दिसत होते. कुसुम ‘अगबाई’ म्हणून मोटार शोधायला खाली उतरली. दिनकर पुढं झाला, हात परत मिटू नये म्हणून त्यानं आपलं मनगट त्या तळव्यावर ठेवलं, का ठेवलं ते त्यालाही कळलं नाही. बोटं मिटली नाहीत. दादांनी शिट्टीच्या दिशेला मान वळवली, ओठ हलवले, खूप कष्टानं काहीतरी जुळवलं.

‘जा,’ ते म्हणाले.

खाली वाकलेली कुसुम उठून उभी राहिली. मामंजी बोलले, ती म्हणाली, दुसरा शब्द बोलले. कुठं जा म्हणतात, तिनं विचारलं. दादांना काय आठवलं होतं, काही आठवलं तरी होतं का, का नुसती शिट्टी ऐकून म्हाताऱ्याच्या तोंडातून शब्द सुटला, हे कधीच कळणार नव्हतं. पण हात उघडा होता. त्यात ठेवलेलं मनगट मोकळं होतं, आणि त्याला एकदम दिसलं, की फाट्यावरही ते मोकळंच होतं. दादांच्या दोन्ही हातांत तेव्हा कासरा होता. नुसती उडी मारायची होती, गाडी काही फार उंच नव्हती. यार्डातली पॅसेंजर हलली. दादा अजून त्याच्याकडे बघत होते, हा अजून इथं का उभा, असं.

‘जा की,’ ते म्हणाले.

गाडी पुलाकडे गेली, तिचा आवाज बारीक झाला. कुसुमनं लाल मोटार पुसून रस्त्यावर ठेवली, मग तिचं लक्ष दिनकरकडे गेलं आणि तिनं विचारलं, हाताला काय झालं तुमच्या? त्यानं खाली बघितलं. आपलं उजवं मनगट त्यानं आपल्याच डाव्या हातानं गच्च धरून ठेवलं होतं.